छताच्या पंख्याचे व दिव्याचे नियंत्रण

छताचा पंखा आणि खोलीतला दिवा चालू-बंद करण्यासाठी, तसेच पंख्याचा वेग कमी-जास्त करण्यासाठी घरात बटणे, रेग्युलेटर आणि रिमोट यांची जी व्यवस्था असते, तिचा विचार या नोंदीत केला आहे. भिंतीवरचे बटण वीजपुरवठा जोडते किंवा तोडते. रिमोट मात्र पंख्यात बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला केवळ आज्ञा देतो, आणि ती आज्ञा पोहोचण्यासाठी त्या सर्किटला वीज मिळत असावी लागते. ‘रिमोट चालत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच निघते: घरातल्या कुणीतरी सवयीने बोर्डावरचे बटण बंद केलेले असते आणि दुसरा माणूस रिमोटचे सेल बदलत बसलेला असतो.

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. जुन्या पद्धतीच्या पंख्यात कंडेन्सर (वीज तात्पुरती साठवणारा लहान भाग) लावलेली इंडक्शन मोटर असते. फेजची (वीज घेऊन येणारी) तार बोर्डावरील बटणातून रेग्युलेटरमध्ये व तिथून पंख्याकडे जाते आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, थेट पंख्याला मिळते. पूर्वीच्या मोठ्या, चौकोनी रेग्युलेटरमध्ये तारेच्या वेटोळ्यांचा रोध असे. पंखा एकवर ठेवला की त्या डब्याला हात लावताच ऊब जाणवे, कारण पंख्याला नाकारलेल्या विजेचा बराचसा भाग तिथे उष्णता होऊन जाई. म्हणून पंखा हळू फिरवूनही बिलात म्हणावा तसा फरक पडत नसे. पुढे ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच वापरणारे लहान रेग्युलेटर आले. ते तापत नाहीत, पण विजेची प्रत्येक लहर थोडी छाटून पुढे पाठवतात आणि त्यामुळे कमी वेगाला पंखा घुमतो, म्हणजे घूं घूं असा आवाज करतो. आज बोर्डात बटणाशेजारी बसणाऱ्या टप्प्याटप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये बहुधा कपॅसिटर (म्हणजेच कंडेन्सर) असतात. घुमणे आणि तापणे या दोन्ही दोषांवर हा उपाय सर्वांत समाधानकारक ठरला आहे. दिव्याचा डिमर मात्र पंख्याला कधीही लावू नये, कारण मोटरचा भार पेलण्यासाठी तो बनवलेला नसतो.

रिमोटचे पंखे घरोघरी पोहोचले ते बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) मोटरमुळे. या मोटरच्या फिरत्या भागात कायमचुंबक असतात आणि वेग ठरवण्याचे काम पंख्यातलेच सर्किट करते. भारतात असे पंखे रुळवण्यात आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या ‘ॲटमबर्ग’ कंपनीचा मोठा वाटा आहे. १२०० मिलिमीटर पात्यांचा साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट; म्हणजे रोज दहा तास पंखा चालणाऱ्या घरात एका पंख्यामागे दिवसाला जवळजवळ अर्धा युनिट वाचतो. असा पंखा लावताना वायरमनकडून जुना रेग्युलेटर काढून घ्यावा. तो मधे राहिला तर सर्किटला विजेचा पूर्ण दाब मिळत नाही, पंखा अडखळतो आणि दोष मात्र नव्या पंख्याच्या माथी येतो.

यांतील बहुतेक रिमोट अवरक्त किरणांवर चालतात. ते पंख्याच्या दिशेने धरावे लागतात, आणि एका दिवाणखान्यात एकाच बनावटीचे दोन पंखे असतील तर दोन्ही एकदमच ऐकतात. रेडिओ लहरींवरच्या रिमोटला नेम धरावा लागत नाही. त्याची पंख्याशी आधी जोडी जमवावी लागते. गुडघेदुखीने अंथरुणाला खिळलेल्या किंवा रात्री उठताना तोल जाणाऱ्या माणसासाठी रिमोट ही चैन नव्हे. वारा कमी करण्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नाही, हे त्याच्या दृष्टीने फार मोठे असते. अशा घरात बोर्डावरचे पंख्याचे बटण चालूच राहील अशी सर्वांना सवय लावावी.

आपल्याकडे पंख्याचा आणि दिव्याचा पॉइंट वेगवेगळा असल्याने बटणेही वेगळी असतात. अमेरिकेत पंख्याखालीच दिवा असण्याची पद्धत रूढ आहे. तिथे अनेक खोल्यांत छतापर्यंत बटणातून आलेली एकच तार असते, त्यामुळे एका बटणावर पंखा आणि दिवा दोन्ही चालतात व त्यांना वेगळे करण्यासाठी साखळ्या ओढाव्या लागतात. रिमोटचा रिसीव्हर पंख्याच्या वरच्या वाटीत बसवला की तो त्या एकाच तारेतून पंख्याला व दिव्याला स्वतंत्र वीज देतो. जुन्या संचांत रिमोट आणि रिसीव्हर या दोहोंमध्ये चार बारीक खटके असतात व ते सारख्याच स्थितीत ठेवावे लागतात. जुळण्या १६ च असल्याने शेजारच्या घरातील रिमोटची जुळणी तीच निघाली, तर आपला दिवा मध्यरात्री आपोआप लागतो. खटक्यांची जुळणी बदलली की हा त्रास थांबतो.

रिमोटने बंद केलेल्या पंख्यात वीज असतेच. पाती पुसण्यापूर्वी बोर्डावरचे बटण बंद करावे. कंडेन्सर बदलायचा असेल तर तेवढ्यावरही भागत नाही: जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण चुकून न्यूट्रलच्या तारेत घातलेले सापडते, आणि तसे असेल तर बटण बंद करूनही पंख्याकडे फेज चालूच राहते. तेव्हा मुख्य स्विच खाली पाडावा, टेस्टर लावून पाहावा आणि मगच शिडीवर चढावे.