वॉटर सॉफ्टनरची घरगुती जोडणी (सोलापूर)

वॉटर सॉफ्टनर हे पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेऊन त्यांच्या जागी सोडियम सोडणारे यंत्र आहे. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ते दुष्फेन पाणी सुफेन करते. सोलापुरात दुष्फेन पाण्याला जड पाणी किंवा क्षाराचे पाणी म्हणतात आणि ते बहुधा बोअरचे असते. शहराखालच्या बेसाल्ट खडकाच्या भेगांतून झिरपताना पाणी हे क्षार सोबत घेते. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढणे, शॉवरची भोके बुजणे, तूरडाळ लवकर न शिजणे ही त्याची घरोघरची ओळख. उजनी धरण, भीमेवरील औज बंधारा आणि एकरूख (हिप्परगा) तलाव यांतून येणारे महापालिकेचे पाणी रोज येत नाही, त्यामुळे मधल्या दिवसांत बोअरवरच भागवावे लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) एकूण कठीणता (म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण) लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी; दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते.

सॉफ्टनरच्या उभ्या टाकीत कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारे रेझिनचे बारीक मणी असतात. ते भरून गेले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा कामाला लावावे लागतात. २५ लिटर रेझिन साधारण सव्वा किलो कठीणता धरून ठेवते. कठीणता ५०० असेल, तर सुमारे अडीच हजार लिटर पाण्यानंतर धुण्याची पाळी येते आणि दर वेळी अडीच ते चार किलो मीठ लागते. सॉफ्टनरने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचे एकूण प्रमाण, कमी होत नाही. टीडीएस मीटर लावून ‘यंत्र चालत नाही’ असे ठरवणारे ग्राहक यामुळेच फसतात. तपासणी कठीणतेच्या थेंब-किटनेच करावी.

जोडणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय जागेचा. सॉफ्टनर महापालिकेच्या नळजोडावर थेट कधीच बसवू नये. पुरवठा बंद असताना त्या वाहिनीत पोकळी तयार होते आणि उघड्या टोकाशी जे असेल ते आत ओढले जाते. एका घरातले मिठाचे पाणी किंवा गटाराचे पाणी अशा वेळी गल्लीच्या पाइपात जाऊ शकते. नळाचे पाणी आधी हौदात पडावे, बोअरची लाइन त्या नळजोडाला कुठेही जुळू नये आणि सॉफ्टनर बोअर व गच्चीवरची टाकी यांच्यामध्ये, किंवा टाकीखालच्या वापराच्या लाइनवर यावा. दुसऱ्या प्रकारात दाब पाहावा लागतो. टाकी दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक बार दाब मिळतो आणि बहुतेक स्वयंचलित व्हॉल्व्हना दीड ते दोन बार हवा असतो. त्यामुळे एका मजल्याच्या घरात प्रेशर पंपाशिवाय यंत्र नीट धुतले जात नाही.

दुसरी जागा यंत्र धुतलेले खारे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीची, आणि चूक होते ती इथेच. प्लंबर घाईत नळीचे टोक थेट चेंबरमध्ये खुपसतो. चेंबर तुंबले, की घाण पाणी त्याच नळीतून यंत्राकडे परतते. नळीचे टोक मोरीच्या किंवा फनेलच्या तोंडापासून निदान दोन इंच वर, हवेत मोकळे राहावे आणि हलू नये म्हणून क्लॅम्पने बांधावे. मिठाच्या टाकीच्या ओव्हरफ्लोलाही हाच नियम. हे खारे पाणी तुळस, कढीपत्ता किंवा परसबागेत सोडू नये. सोलापूरच्या काळ्या मातीत सोडियम साचले की ती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही.

जुन्या पेठांतल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपांच्या घरांत विजेचा धोका वेगळा आहे. काही घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या पाइपलाच बांधलेली असते. पाइप कापून मध्ये प्लास्टिकचा व्हॉल्व्ह घातला, की हा रस्ता तुटतो आणि गळणारी वीज नळाच्या तोटीला येऊ शकते. म्हणून पाइपला करवत लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, कापण्याआधीच दोन्ही बाजूंना क्लॅम्पने जाड तांब्याची तार जोडून पाइपमधला विजेचा रस्ता कायम ठेवावा आणि घराला स्वतंत्र अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. प्लंबरने हे एकट्याने ठरवू नये.

बाकी काम साधे आहे. आधी गाळ अडवणारा फिल्टर, मग तीन कॉकचा बायपास, म्हणजे यंत्र दुरुस्तीला गेले तरी घरात पाणी चालू राहते. पाइप न कापता उघडता येणारे युनियन जोड दोन्ही टोकांना हवेत. यंत्रावरच्या बाणाची दिशा उलटी झाली तर मणी पाइपांत जाऊ शकतात. सोलार किंवा गीझरचे गरम पाणी उलटे येऊन यंत्र खराब करू शकते, म्हणून बाहेर जाणाऱ्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असावा. मात्र त्यामुळे तापून फुगलेल्या पाण्याला मागे जाता येत नाही, तेव्हा गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू स्थितीत आहे ना हे पाहावे. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीवर यंत्र बसवायचेच तर वर पक्के छप्पर हवे.

स्वयंपाकघरातला पिण्याचा एक नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढावा. दर १०० मिलिग्रॅम कठीणतेमागे पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते, म्हणजे ५०० कठीणतेला लिटरमागे २३०. रक्तदाबाच्या रुग्णासाठी हा आकडा दुर्लक्षण्याजोगा नाही. जोडणीनंतर पहिले पाणी बायपासने सोडून पाइपांतला कचरा धुवावा, मग यंत्रात पाणी अगदी हळू भरावे आणि प्रत्येक सांधा कोरडा पुसून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावा.