क्षय्य व अक्षय्य साधनसंपत्ती

निसर्गातील ज्या वस्तू आपल्या वापराच्या वेगाने पुन्हा तयार होत नाहीत, त्यांना क्षय्य साधनसंपत्ती म्हणतात. ऊन, वारा यांसारखे कितीही वापरले तरी न आटणारे स्रोत अक्षय्य होत. दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू ही जीवाश्म इंधने पहिल्या वर्गात मोडतात. हा भेद पदार्थाच्या जातीपेक्षा काळाच्या हिशेबावर उभा आहे.

मराठीतील ‘दगडी’ हे विशेषण तो हिशेब नेमका दाखवते. वडोद्याच्या दांडिया बाजारातील जुन्या मराठी घरांत शेगडीत पेटे तो लोणारी कोळसा, म्हणजे लाकूड पुरेशा हवेवाचून धुमसवून केलेला. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात त्याच्या जोडीला ढलप्याही पडत. त्यासाठी तोडलेले झाड एका पिढीत पुन्हा उभे राहू शकते. दगडी कोळसाही मुळात वनस्पतींचाच. पण दलदलीत साचलेल्या वनस्पती न कुजता गाळाखाली गाडल्या जाऊन, दाब व उष्णतेने त्यांतील पाणी आणि वायू निघून जात, पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस आणि अँथ्रासाइट अशा पायऱ्यांनी त्यातील कार्बनचे प्रमाण वाढत जाते. दामोदर खोऱ्यातील गोंडवनी, म्हणजे गोंडवन या प्राचीन खडकसमूहातील, कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा आहे; तेथील राणीगंजला १७७४ मध्ये खाणकाम सुरू झाले. वडोद्याला जवळचा भरूच जिल्ह्यातील राजपारडीचा लिग्नाइट वयाने पुष्कळच लहान, म्हणून कमी प्रतीचा.

गायकवाडांच्या राज्यात १८६२ मध्ये सुरू झालेली डभोई–मियागाम ही अरुंद मापाची रेल्वे आरंभी बैल ओढत असत. बैलांचा चारा दरवर्षी उगवत असे; पुढे त्याच रुळांवर वाफेची इंजिने आली आणि वाहतुकीची मदार शेतावरून खाणीवर गेली. तेलाचे पर्व त्यानंतरचे: खंबातजवळ लुणेज येथे १९५८ मध्ये व अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल सापडले, आणि १९६५ मध्ये वडोद्यालगत कोयली येथील शुद्धीकरण कारखाना चालू झाला. हे तेल प्रामुख्याने समुद्रतळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांपासून बनलेले असते.

पाणी, जंगल आणि माती यांना पाठ्यपुस्तके सरसकट दुसऱ्या वर्गात टाकतात, ते पटण्यासारखे नाही. वडोद्याचा आजवा तलाव पावसाळ्यात पुन्हा भरतो, पण भूजल मुरण्यापेक्षा अधिक वेगाने उपसले की विहीर खाणीसारखीच रिकामी होते. अशा संपत्तीला अटींसह नवीकरणीय म्हणणे अधिक बरोबर. ‘अक्षय्य’ हा शब्दही स्रोतापुरताच घ्यावा. वडोद्याजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर १० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला आहे. तेथे फलकांसाठी वेगळी जमीन अडत नाही आणि सावलीमुळे कालव्याच्या पाण्याची वाफही कमी होते. त्यावर पडणारे ऊन अक्षय्य आहे, पण सौर घटांवरील चांदीच्या बारीक रेघा आणि फलक पेलणारे पोलाद खाणींतूनच आलेले असते.