पुढचा दाणा किती वेळाने?

गेल्या रविवारी नाशिकला सिडकोत ताईकडे गेलो तर घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. टीपॉयवर भाच्याचं ऑफर लेटर होतं आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर तांब्या ठेवलेला. नोकरी चाकणच्या कारखान्यात, पगार इथल्या दीडपट. भाचा अंबडला एकाच कारखान्यात आठ वर्षं व्हीएमसी, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर आहे. ताई सकाळपासून एकच वाक्य म्हणत असावी, कारण मी चपला काढायच्या आत तिने ते मलाही ऐकवलं : "इथं काय कमी आहे?" भावजी पत्रिका दाखवून आले होते. साडेसाती चालू आहे, स्थानबदल मार्चनंतर. आणि भाच्याने मोबाइलवरचं एक रील माझ्यापुढे धरलं. "मामा, हे बघ. गणितानेच सिद्ध केलंय. ३७ टक्के."

आधी साडेसातीचं उरकून टाकतो. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली तर एकेका राशीला अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची धरली की झाली साडेसाती. म्हणजे कोणत्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना ती चालूच असते. अंबडच्या शिफ्टच्या बसमध्ये चाळीस कामगार बसले असतील तर त्यातले दहाएक जण साडेसातीतले. बस रोज वेळेवर पोचते.

३७ टक्क्यांचं गणित मात्र खरं आहे, रीलवाल्याने ते भलत्याच जागी लावलंय एवढंच. उमेदवार एकामागून एक येतात, नाकारलेला परत बोलावता येत नाही आणि तुम्हाला सगळ्यांत चांगलाच हवा आहे. अशा वेळी पहिले ३७ टक्के नुसते बघून सोडून द्यायचे आणि त्यानंतर त्या सगळ्यांपेक्षा सरस असा जो पहिला येईल तो घ्यायचा. डेनिस लिंडली या संख्याशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये याचं उत्तर छापलं. रीलमध्ये न सांगितलेली गोष्ट अशी की, हा नियम तंतोतंत पाळूनही सर्वोत्तम उमेदवार हाती लागण्याची शक्यता ३७ टक्केच असते. आणि भाच्यापुढे उमेदवारांची रांग कुठे आहे? एक हातातली नोकरी आणि एक कागद. त्याचा प्रश्न "कोणती निवडू" असा नाहीच, "इथून केव्हा उठू" असा आहे.

या प्रश्नाचं गणित वेगळं आहे, पक्ष्यांचं आहे, आणि मला त्याचं वेड आहे.

हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला गेलात (गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ ठरलं) तर फ्लेमिंगो शोधत बसू नका. काठच्या चिखलात शेकाट्या पक्षी बघा. काळे पंख, पांढरं पोट, काडीसारखे लालसर लांब पाय. मी घड्याळ लावून बसलो होतो. एका जागी उतरला की चोच टक, टक, टक चालते. हळूहळू दोन टकांमधलं अंतर वाढतं. मग तो मान वर करतो, आणखी एकदा चोच मारतो आणि दहा पावलं पुढे जातो. सोडलेल्या जागी किडे संपलेले नसतात. थोडे तरी नक्की असतात. मग तो का उठतो?

एरिक चार्नॉव्ह या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये याचं उत्तर गणितात मांडलं. त्याला आपण सीमांत मूल्याचा सिद्धांत म्हणू. आकड्यांतच बघा. एका बांधावर पक्ष्याला पहिल्या मिनिटाला १० दाणे मिळतात, दुसऱ्या मिनिटाला ६, तिसऱ्याला ४, चौथ्याला २, पाचव्याला १. पुढचा बांध एका मिनिटाच्या उड्डाणावर आहे आणि तिथेही हाच हिशेब. एकेक मिनिट थांबून उडत राहिला तर दोन मिनिटांत १० दाणे, म्हणजे मिनिटाला ५. दोन मिनिटं थांबला तर तीन मिनिटांत १६, म्हणजे ५.३३. तीन मिनिटं थांबला तर चारांत २०, पुन्हा ५. म्हणजे दोन मिनिटांनी उठावं. पोटभर होईपर्यंत बसून राहणारा तोट्यात आणि उतावळाही तोट्यात.

आता पुढचा बांध चार मिनिटांवर न्या. दोन मिनिटं थांबून उठला तर सहा मिनिटांत १६, म्हणजे २.६७. तीन मिनिटं थांबला तर सातांत २०, म्हणजे २.८६. चार थांबला तर आठांत २२, म्हणजे २.७५. आता तीन मिनिटांनी उठणं बरं. प्रवास लांबला की थोड्या दाण्यांवरही थांबून राहणं शहाणपणाचं होतं. आणि दोन्ही हिशेबांत उठण्याची खूण एकच : इथल्या पुढच्या मिनिटाची कमाई सगळ्या परिसराच्या सरासरीखाली गेली की पंख पसरा. मात्र या सरासरीत उडण्यातला वेळही धरायचा. पहिल्या हिशेबात तिसरं मिनिट ४ दाणे देतं, सरासरी ५.३३. दुसऱ्यात चौथं मिनिट २ देतं, सरासरी २.८६.

ज्यांना दहावीची भूमिती आवडायची त्यांच्यासाठी : आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर एकूण दाणे, अशी चढत जाऊन सपाट होणारी वक्ररेषा काढा. शून्याच्या डावीकडे प्रवासाच्या वेळेएवढ्या अंतरावर एक बिंदू द्या. त्या बिंदूतून वक्ररेषेला स्पर्शिका काढा. ती जिथे टेकते तो उठण्याचा क्षण, आणि तिचा चढ म्हणजे परिसराची सरासरी. बिंदू डावीकडे सरकवा, स्पर्शबिंदू आपोआप उजवीकडे सरकतो. मी ही आकृती ऑफर लेटरच्या पाकिटावर काढून दाखवली. भावजी पेपर वाचायला लागले.

पक्ष्यांना स्पर्शिका येत नाही, तरी ते जवळपास असंच वागतात का? अलेहांद्रो कासेलनिक या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने स्टारलिंगवर प्रयोग केला, तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टारलिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला युरोपी पक्षी. हिवाळ्यात थव्याने येणाऱ्या भोरड्यांचा जवळचा नातलग. घरट्यातल्या पिलांसाठी चारा नेणाऱ्या मोकळ्या पक्ष्यांना त्याने एका नळीशी यायला शिकवलं. नळीतून अळी पडायची, पण दर अळीमागे वाट पाहण्याचा वेळ वाढत जायचा. ही नळी त्याने घरट्यापासून ८ मीटरपासून ६०० मीटरपर्यंत हलवली. जवळ असताना पक्षी थोड्याच अळ्यांवर उडून जायचे, लांब असताना ताटकळत बसून चोच भरून न्यायचे, आणि किती अळ्या नेतील याचा अंदाज चार्नॉव्हच्या गणिताशी चांगला जुळला.

त्याहून मला रिचर्ड कॉवीचा १९७७ चा प्रयोग प्रिय आहे. त्याने पिंजऱ्यातल्या ग्रेट टिट नावाच्या छोट्या पक्ष्यांसाठी भुशाने भरलेल्या छोट्या वाट्यांत अळ्यांचे तुकडे लपवले आणि वर झाकणं लावली, काही सैल, काही घट्ट. वाट्यांमधलं अंतर तेच, पण घट्ट झाकण उघडायला वेळ लागतो, म्हणजे पुढच्या वाटीपर्यंतचा "प्रवास" लांबला. घट्ट झाकणं असताना पक्षी प्रत्येक वाटीत जास्त वेळ थांबले.

नाशिक ते पुणे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, तो काही प्रवास नव्हे. झाकण घट्ट आहे ते दुसरीकडे. दोन महिन्यांचा नोटीस पिरियड, घराचं डिपॉझिट, दलाली, पोरीचा शाळाप्रवेश, सुनेच्या शिवणाच्या ओळखीची गिऱ्हाइकं, ताईचे गुडघे आणि त्यांना सवयीचा झालेला डॉक्टर. हे सगळं खरं आहे आणि खर्चातच धरायचं. पण एकदाच. ताई ते दर वाक्यात धरत होती.

"इथं काय कमी आहे" या प्रश्नातली चूकही इथेच दिसते. ताई आठ वर्षांची बेरीज सांगत होती : याच नोकरीवर फ्लॅटचं कर्ज मिळालं, गाडी आली, लग्न झालं. सगळं खरं, पण हे आधीच टिपलेले दाणे. गणित फक्त पुढच्या मिनिटाचं विचारतं. मी भाच्याला आठ वर्षांच्या आठ ओळी लिहायला लावल्या, प्रत्येक वर्षी पगार किती वाढला आणि नवीन काय शिकलास. पहिल्या वर्षी मशीन, दुसऱ्या वर्षी प्रोग्रॅमिंग, तिसऱ्या वर्षी फिक्श्चर, म्हणजे मशीनवर काम पकडून ठेवणारा साचा. पाचव्यात जपानी पाहुण्यांसमोर ट्रायल घेतली, तीही लिहिली. सातव्या ओळीशी पेन थांबलं. आठवीत त्याने "नवीन कँटीन" लिहिलं.

चूक भाच्याचीही होती, आणि ती जास्त लबाड आहे. ऑफर लेटरवरचा आकडा हा नव्या बांधाचं पहिलं मिनिट असतो. ते १० दाणे. आपल्या आठव्या मिनिटाची तुलना त्यांच्या पहिल्या मिनिटाशी केली तर कोणतीही नोकरी आजच सोडावीशी वाटेल. तुलना त्यांच्या सगळ्या वक्ररेषेशी करायची, झाकणाचा खर्च धरून. शिवाय परिसर म्हणजे चाकणच का? सातपूर आणि सिन्नरचे बांध तर बसच्या टप्प्यातले आहेत, आणि तिथे ताईचे गुडघे हलवावे लागत नाहीत.

प्राणी आणि माणसं, दोघंही प्रयोगांत या गणितापेक्षा थोडी जास्तच रेंगाळतात. माणसाचं एक कारण डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं : गमावण्याचं दुःख तेवढंच मिळवण्याच्या आनंदापेक्षा मोठं वाटतं. १९९० च्या एका प्रयोगात काही जणांना कॉफीचे मग फुकट दिले. ते विकायला त्यांनी मागितलेली किंमत, ज्यांना मग मिळाले नव्हते ते जेवढी द्यायला तयार होते तिच्या दुपटीहून जास्त होती. तो मग हातात येऊन थोडाच वेळ झाला होता. इथे तर आठ वर्षं आहेत.

स्टीव्हन लेविट या अर्थतज्ज्ञाने हद्दच केली. नोकरी सोडू की नको अशा पेचात अडकलेल्यांना त्याने वेबसाइटवर नाणं उडवायला दिलं. वीस हजारांहून जास्त नाणी उडाली. ज्यांना नाण्याने "बदल करा" सांगितलं त्यांनी बदल करण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि मोठ्या निर्णयांत बदल करणारे सहा महिन्यांनी सरासरीने जास्त खूश होते. आता यावरून कुणी "राजीनामा द्या, सुखी व्हा" असं रील करेल, तर ते लोक आधीच कुंपणावर बसलेले होते हे विसरू नका. भावजींना मी एवढंच म्हटलं की, नाणं निदान दक्षिणा घेत नाही. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

हे गणित कुठे लंगडं पडतं तेही सांगायला हवं. शेकाट्याला परिसराची सरासरी माहीत असते, तो दिवसभर तेच करतो. भाच्याने आयुष्यात एकच बांध पाहिलाय. नवा बांध खरंच कसा आहे हे कळायला उतरावं लागतं, नाहीतर उतरलेल्याला विचारावं लागतं.

म्हणून त्याने चाकणच्या त्या कारखान्यात तीन वर्षं काढलेल्या एकाचा नंबर मित्राकडून मिळवला. माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. पगार, ओव्हरटाइम, कँटीन, सगळी उत्तरं पटापट आली. मग भाच्याने विचारलं, "तिसऱ्या वर्षी नवीन काय शिकायला मिळालं?" पलीकडे मशीनचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "शिफ्ट सुटली की करतो फोन."

ताईने तांब्या उचलून आत नेला आणि चहा टाकला.