दुबार ईमेल

एकाच पत्राच्या एकाहून जास्त प्रती एकाच टपालपेटीत साठल्या, की त्यांना दुबार ईमेल म्हणता येईल. मट (मेल दाखवणारे), नॉटमच (मेल शोधणारे), एमबीसिंक (सर्व्हर आणि आपला संगणक यांतले मेल जुळवणारे), प्रॉकमेल (आलेले मेल फोल्डरांत लावणारे) अशी छोटी साधने जोडून टर्मिनलवर मेल वाचणाऱ्यांना हा प्रश्न हमखास भेटतो, कारण तिथे मेल आणणारा, लावणारा आणि दाखवणारा प्रोग्रॅम वेगवेगळा असतो.

कारणे अनेक आहेत. मेलिंग लिस्टवर, म्हणजे एका पत्त्यावरून सगळ्या सभासदांना मेल पोचवणाऱ्या यादीवर, उत्तर देणारा लिस्टसोबत मूळ लेखकालाही सीसी करतो, म्हणून लेखकाकडे दोन प्रती येतात. जीमेलची लेबले आयमॅपवर (सर्व्हरवरचे मेल वाचण्याच्या पद्धतीत) फोल्डर म्हणून दिसतात. ‘ऑल मेल’सह सगळी उतरवली, तर तेच पत्र दोन-तीन ठिकाणी पडते. सर्वांत मोठा घोळ एमबीसिंकची जुळणी-नोंद, म्हणजे कोणते पत्र दोन्हीकडे आहे याची नोंद, पुसली गेल्यावर होतो. नवी पत्रे दोन्ही दिशांना पाठवायची मुभा असेल, तर दोन्हीकडचे सगळे मेल नवे समजले जातात आणि संपूर्ण संग्रह दुप्पट होतो.

सारख्या फाइली शोधणारे एफडूप्स इथे फारसे कामाचे नाही. वेगळ्या वाटेने आलेल्या प्रतींच्या ‘रिसीव्ह्ड’ ओळी (पत्र कोणकोणत्या सर्व्हरवरून आले याच्या नोंदी) वेगळ्या असतात, शिवाय लिस्ट विषयात उपसर्ग आणि तळाशी टीप जोडते. देवनागरी मजकुरात आणखी एक भर पडते: तोच मजकूर एका प्रतीत बेस64 मध्ये, तर दुसरीत कोटेड-प्रिंटेबलमध्ये असू शकतो; या दोन्ही मजकूर साध्या अक्षरांत बदलून पाठवण्याच्या पद्धती. वाचताना फरक शून्य, फाइलीत मात्र ओळ न ओळ वेगळी.

म्हणून ओळख पटवायची ती ‘मेसेज-आयडी’ या शीर्ष-ओळीवरून, म्हणजे पत्राच्या माथ्यावरच्या ओळख-क्रमांकावरून. पण ती पाठवणाऱ्याच्या बाजूने लिहिली जाते आणि तिच्यावर कोणाचा पहारा नसतो. ईमेलची रचना ठरवणाऱ्या 2008 च्या आरएफसी 5322 या मानक-दस्तऐवजातही ती ‘असावी’ एवढेच म्हटले आहे, सक्ती नाही. सदोष प्रोग्रॅम दोन निराळ्या पत्रांना एकच आयडी देऊ शकतो, आणि खोडसाळ माणूस ते मुद्दाम करू शकतो.

प्रॉकमेलसोबतचे फॉरमेल हे साधन आलेल्या आयडींची छोटी फाइल ठेवते आणि ओळखीचा आयडी पुन्हा दिसला की ते पत्र अडवता येते. प्रचलित नियमात या फाइलीचा आकार 8192 बाइट असतो. त्यात साधारण शंभर-दीडशे आयडी मावतात, त्यामुळे जुनी प्रत उशिरा आली तर ती निसटते. याहून मोठी अडचण अशी, की पहिली आलेली प्रतच राहते. ती बहुधा थेट सीसीची असते. ‘लिस्ट-आयडी’ ओळ (पत्र कोणत्या लिस्टवरून आले हे सांगणारी) असलेली दुसरी प्रत गळते आणि लिस्टच्या फोल्डरमधल्या चर्चेत मधलेच पत्र दिसेनासे होते. येताक्षणीच प्रत कायमची टाकून देणारा नियम म्हणूनच धोक्याचा. अशा प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये वळवणे बरे.

मटमध्ये पत्रे धाग्यांनुसार (पत्र आणि त्याची उत्तरे अशा साखळीने) लावलेली असताना ~= हा नमुना दुबार प्रती निवडतो. त्यांवर आधी फक्त खूण करून, नजर फिरवून मग पुसता येते, हा मोठा फायदा. सर्व्हरवरच गाळणी हवी असल्यास सीव्ह या मेल गाळण्याचे नियम लिहायच्या भाषेचा ‘डुप्लिकेट’ विस्तार आहे. तो 2014 च्या आरएफसी 7352 मध्ये दिला आहे.

नॉटमचची रीत सर्वांत सुरक्षित वाटते. समान आयडीच्या सगळ्या फाइली ते एकच पत्र म्हणून दाखवते, पण मेलडिरमधली (प्रत्येक पत्र वेगळ्या फाइलीत ठेवणाऱ्या संग्रहातली) एकही फाइल पुसत नाही. त्याला पत्रांची आणि फाइलींची संख्या वेगवेगळी विचारता येते. दोन्हींतला फरक म्हणजे संग्रहातल्या जादा प्रती.