आजी दूध बघायला उठायची तेव्हा

लहानपणी आजी गोष्ट सांगायची त्यात वाघ झुडपामागे दबा धरून बसलेला असायचा, इकडून लाकूडतोड्याचा पोरगा गाणं म्हणत त्याच वाटेनं यायचा, आणि नेमकं तेव्हाच आजी उठायची, "थांबा रे, दूध उतू जातंय का बघून येते." ती दोन मिनिटं! आम्ही चौघं भावंडं पांघरुणाची टोकं मुठीत धरून गप्प बसायचो, डास चावलेले कळायचे नाहीत. वाघानं अजून काहीच केलेलं नसायचं तरी पोटात गोळा.

आता विचार केला की जाणवतं, आजीनं काही लपवलेलंच नव्हतं. वाघ कुठे बसलाय ते आम्हाला माहीत, पोराला माहीत नाही, बस एवढंच. नव्यानं लिहिणारे खूप जण इथेच चुकतात असं मला वाटतं, माहिती दडवून ठेवली की सस्पेन्स होतो असा त्यांचा समज असतो. दडवून धक्का देता येतो, ताण नाही. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यानं १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हेच टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितलंय. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का, पण तो आधीच दिसलेला असेल तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स, आणि टेबलावरच्या त्याच साध्या गप्पा आपण जीव मुठीत धरून ऐकतो.

याच हिचकॉकच्या टीव्ही मालिकेचा एक भाग मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना एफएमआरआय स्कॅनरमध्ये (मेंदूचा कुठला भाग कधी काम करतोय ते दाखवणारं यंत्र) झोपवून दाखवला. त्यात एक लहान मुलगा खरं रिव्हॉल्व्हर खेळण्यातलं समजून त्यात गोळ्या भरतो आणि दिसेल त्याच्यावर रोखत गावभर हिंडतो (परत तेच बघा, आपल्याला माहीत, त्याला नाही). २००८ साली छापलेल्या या कामात दिसलं की कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या, जवळजवळ ६५ टक्के भागातली हालचाल सगळ्या प्रेक्षकांमध्ये एकसारखी वरखाली होत होती. बागेत नुसता कॅमेरा लावून घेतलेलं शूटिंग दाखवलं तेव्हा हाच आकडा ५ टक्क्यांच्याही खाली. हे सगळं श्रेय एकट्या ताणाचं नाही हं, एडिटिंग आणि कॅमेराही त्यात आलाच.

डास का कळत नव्हते त्याचा धागा मला २०१५ च्या एका प्रयोगात सापडला. जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी पडद्याच्या मधोमध सस्पेन्सवाले सीन लावले आणि कडेनं बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन लुकलुकत ठेवले. सीनमधला ताण वाढला की मेंदूचा कडेचं बघणारा भाग मंदावायचा, ताण उतरला की परत जागा व्हायचा. म्हणजे नजर आक्रसते, बाकीचं जग बाजूला पडतं.

पण मला सगळ्यात जास्त भावला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा २०१६ चा प्रयोग. ४५ जणांना कॉम्प्युटरवर दगड उचलायचा गेम दिला, दगडाखाली साप निघाला की हाताला खराखुरा शॉक, आणि साप निघायची शक्यता सारखी बदलत ठेवलेली. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या तेव्हा ताण सगळ्यात जास्त कधी, तर शॉक बसायची शक्यता बरोब्बर ५० टक्के असताना. शॉक बसणारच हे पक्कं माहीत असताना लोक त्यापेक्षा निवांत होते!

आता परत आजीकडे या. पोरगा मेलाच असं वाटलं की आम्ही सुस्कारा टाकून मोकळे, वाचणारच असं वाटलं तरी मोकळे. म्हणून ती तराजू हलवत राहायची, पोरगा करवंदं तोडायला थांबला म्हणून हायसं वाटतंय तोच वारा फिरला आणि वाघाला वास लागला, मग कुऱ्हाड खांद्यावर आहे हे आठवलं, मग कुऱ्हाडीचा दांडाच सैल निघाला.

मग एक कोडं उरतं. शेवट माहीत असूनही छाती का धडधडते? २४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग, भारत-पाकिस्तान टी-२० वर्ल्ड कपची फायनल, पाकिस्तानची शेवटची जोडी, ४ बॉलमध्ये ६ रन हवेत, मिसबाहचा तो स्कूप हवेत आणि खाली श्रीशांत. किती वेळा बघितलंय, तरी बॉल वर असेपर्यंत श्वास अडकतो. रिचर्ड गेरिग या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की खऱ्या आयुष्यात तोच क्षण पुन्हा येत नाही, त्यामुळे मन प्रत्येक क्षण नवा धरूनच चालतं. काहींना हे पटत नाही, त्यांच्या मते आपण पात्राच्या जीवाला जीव लावतो म्हणून तसं होतं. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं.

माझी भाची सहा वर्षांची आहे. पोरगा झाडावर चढून वाचतो हे तिला पाठ आहे, तरी वाघ दबा धरून बसला की तीच मला सांगते, "मावशी, आता दूध बघून ये." आमचं दूध फ्रीजमध्ये असतं. मी उठते, ओट्यापाशी जाऊन उभी राहते, आणि आतून काही म्हणता काही आवाज येत नाही.