कॉफी झाली का, हे एजंटला कसं कळतं?

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसच्या इमारतीत दुपारी चार वाजले की तळमजल्यावरच्या कॉफी काउंटरपुढे रांग लागते. वरच्या मजल्यावरून उतरून उभं राहण्यापेक्षा आम्ही चॅटमध्येच लिहितो, "दोन फिल्टर कॉफी, त्यातली एक बिनसाखरेची." ऑर्डर घेतो एआय एजंट, म्हणजे आपल्या वतीने कामं करणारा प्रोग्राम. इथवर सोपं आहे. पाच मिनिटांनी कोणीतरी विचारतं, "झाली का?" आणि तिथे एजंटची खरी परीक्षा सुरू होते.

एजंटच्या मुळाशी असतं भाषेचं मॉडेल. आधीचा मजकूर पाहून पुढचा शब्द कोणता असावा, हे ते ठरवतं. खाली काउंटरवर दूध उकळतंय की गॅसच बंद पडलाय, हे त्याला दिसत नाही. त्याच्यावरच सोडलं, तर "हो, दोन मिनिटांत मिळेल" असं ते ठामपणे लिहून मोकळं होऊ शकतं, कारण अशा प्रश्नाला असं उत्तर शोभतं. म्हणून त्याला टूल द्यावं लागतं. टूल म्हणजे एक छोटा प्रोग्राम. मॉडेल फक्त "ऑर्डर ४७ ची स्थिती हवी" अशी ठरावीक साच्यातली मागणी लिहितं. बाहेरचं सॉफ्टवेअर ती वाचतं, नोंदी तपासतं आणि उत्तर मॉडेलपुढे मजकूर म्हणून आणून ठेवतं. अशी टूल्स जोडायची मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची खुली पद्धत अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली.

प्रश्न मात्र जुनाच आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत जिने चढून-उतरून जावं आणि कॉफीचं भांडं रिकामं सापडावं, याला संशोधक कंटाळले होते. १९९१ मध्ये त्यांनी भांड्यावर कॅमेराच रोखला. त्याचं १२८ बाय १२८ पिक्सेलचं कृष्णधवल चित्र जागेवर बसून दिसू लागलं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि २००१ पर्यंत जगभरातून लोक ते भांडं बघत राहिले. तिथे चित्र बघून निष्कर्ष माणूस काढत होता. आता निष्कर्ष काढणारं मॉडेल आहे, म्हणून त्याच्यासमोर येणारी नोंद नेमकी हवी.

आमच्या टूलमध्ये ऑर्डरच्या पाचच अवस्था आहेत: घेतली, बनतेय, तयार, दिली, रद्द. कुठून कुठे जाता येतं हेही बांधलेलं आहे. 'दिली' झालेली ऑर्डर पुन्हा 'बनतेय' होत नाही. 'बनतेय'वरून 'रद्द' करता येत नाही. एजंट कितीही गोड बोलून मागो, टूल नाही म्हणतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते दुहेरी ऑर्डरने. एजंटने ऑर्डर पाठवली, काउंटरच्या सर्व्हरवर ती नोंदली गेली, पण पोचपावती परत येताना नेटवर्क तुटलं. एजंटच्या बाजूने पाहा: ऑर्डर गेलीच नाही आणि ऑर्डर गेली पण उत्तर हरवलं, या दोन्हींत त्याला काही फरक दिसत नाही. तो शहाण्यासारखा पुन्हा पाठवतो आणि खाली चार कॉफ्या तयार होतात. एका दुपारी आमच्या मजल्यावर अशा नऊ जादा कॉफ्या आल्या. उपाय असा की ऑर्डर निघतानाच तिला एक खूण-क्रमांक द्यायचा आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवायचा. सर्व्हरला तो क्रमांक आधी दिसला असेल, तर तो नवी ऑर्डर न घेता जुनीचंच उत्तर परत देतो. लिफ्टचं बटण दहादा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते, तसं. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. ऑनलाइन पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणूनही हीच युक्ती वापरतात. एक गोष्ट इथे फार महत्त्वाची: हा क्रमांक मॉडेलला बनवायला सांगू नये. ते दुसऱ्या वेळी वेगळाच लिहू शकतं. तो साध्या प्रोग्रामनेच द्यावा.

काही चुकलं तर टूलने एजंटला संदेश कसा लिहायचा, हेही नव्याने शिकावं लागलं. नुसता 'एरर ४०९' असा आकडा पाठवला की एजंट तीच विनंती पुन्हा पुन्हा धाडत बसायचा. आता टूल लिहितं, "कॉफी बनायला घेतली आहे, रद्द होणार नाही. ग्राहकाला तसं कळवा." वाचणारं भाषेचं मॉडेल आहे, त्याला वाक्य कळतं. "तीन मिनिटांनी विचारा" हेही आम्ही उत्तरातच घातलं. कारण दर वेळी विचारलेल्या स्थितीचा मजकूर मॉडेलच्या मर्यादित संदर्भात, म्हणजे एका वेळी ते जेवढा मजकूर पाहू शकतं त्यात, जागा खातो आणि प्रत्येक फेरीला खर्च येतो.

एवढं करूनही तक्रार आली: एजंट 'तयार' म्हणाला, खाली गेलो तर कॉफी नाही. नोंदी बरोबर होत्या. मी चारच्या गर्दीत काउंटरपाशी जाऊन उभी राहिले, तेव्हा उलगडा झाला. तिथला मुलगा डिकॉक्शन ओतण्याआधीच हातातल्या सहाही ऑर्डरींवर 'तयार' दाबून टाकत होता, कारण नंतर त्याचे हात ओले असायचे. टॅबलेटची काच ओल्या बोटांना नीट दाद देत नाही. आता प्रत्येक कपाच्या झाकणावर ऑर्डरचा स्टिकर असतो. भरलेला कप देण्याच्या कट्ट्यावर ठेवला की तिथला स्कॅनर तो वाचतो आणि ४७ क्रमांकापुढे 'तयार' उमटतं.