मीटरभर लांबीचं पोर

इटलीच्या सिसिली बेटावरच्या एखाद्या धक्क्यावर मीटरभर लांबीचा तलवार मासा पडलेला दिसला, तर सुरमईच्या मापानं मासे ओळखणाऱ्या आपल्यासारख्याला तो पुरता वाढलेलाच वाटेल. पण तो असतो जेमतेम दीड वर्षाचा. मादी असेल तर तिच्या पोटात अजून एकदाही गाबोळी धरलेली नसते. या माशाचं सगळं दुखणं इथंच आहे: तो अंगानं फार लवकर मोठा होतो, वयात मात्र सावकाश येतो.

सुरुवात अगदी लहान असते. अंडं मोहरीच्या दाण्याएवढं, १.६ ते १.८ मिलिमीटरचं. काचेसारखं पारदर्शक, आत तेलाचा एक थेंब, आणि त्याच्या आधारानं ते पाण्याच्या वरच्या थरात तरंगत राहतं. अडीचेक दिवसांत त्यातून चार मिलिमीटरचं पिल्लू बाहेर पडतं. भूमध्य समुद्रातल्या या अंड्यांचं आणि पिल्लांचं वर्णन सिसिलीतल्या मेसिना शहराचे शास्त्रज्ञ लुईजी सान्झो यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलं. थोडं वाढलेलं पिल्लू पाहिलं तर हे कोणाचं लेकरू हे ओळखू येणं कठीण. वरचा आणि खालचा असे दोन्ही जबडे लांब, त्यांत बारीक दात, अंगभर काटेरी खवले, पाठीवर सलग लांब पर. वाढता वाढता दात जातात, खवले जातात, पाठीवरच्या पराचा मधला भाग नाहीसा होऊन त्याचे दोन पर होतात. खालचा जबडा मागे राहतो आणि वरचा तेवढा तलवारीसारखा पुढे वाढतो. प्रौढ तलवार माशाच्या तोंडात एकही दात नसतो.

आणि वाढीचा वेग! पहिल्या वाढदिवसाला भूमध्य समुद्रातला मासा सुमारे ८५ सेंटिमीटरचा झालेला असतो. म्हणजे दिवसाला सरासरी दोन मिलिमीटरहून जास्त. दुसऱ्या वर्षी त्यात पंचवीसेक सेंटिमीटरची भर पडते, तिसऱ्या वर्षी वीसेकची, आणि पुढं वेग मंदावत जातो.

हे वय कळतं कसं? बऱ्याच माशांचं वय कानातल्या बारीक दगडांवरच्या वर्तुळांवरून काढतात, पण एवढ्या धिप्पाड तलवार माशाच्या कानातले हे दगड इतके चिमुकले असतात की त्यांच्यावर काम करणं अवघड जातं. म्हणून पोटाखाली, शेपटीच्या बाजूला असलेल्या पराचा दुसरा काटा घेतात. तो वाळवून करवतीनं त्याची मिलिमीटरहून पातळ चकती कापतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. झाडाच्या बुंध्यासारखी फिकट आणि गडद वलयं दिसतात. ती मोजायची. अडचण एकच. मासा म्हातारा होत जातो तसा काट्याचा गाभा रक्तवाहिन्यांनी पोखरला जातो आणि लहानपणची वलयं पुसली जातात. मग त्या हरवलेल्या वर्षांचा हिशेब लहान माशांच्या काट्यांवरून बांधावा लागतो. मला हे काम फार आवडतं; मासा मेल्यावरही त्याचं बालपण शोधत बसणारी माणसं आहेत.

नर आणि मादीच्या वाढीत मोठा फरक आहे. मादी जास्त वाढते, उशिरा वयात येते आणि जास्त जगते. फार मोठे मासे जवळजवळ सगळे माद्याच निघतात. नर सहसा उबदार पाण्यात राहतात, तर थोराड माद्या खाण्याच्या शोधात पार थंड समुद्रांपर्यंत जातात. गार पाण्यात त्यांचा मेंदू आणि डोळे बधिर होत नाहीत, कारण डोळ्यामागच्या एका स्नायूचं रूपांतर चक्क शेगडीत झालेलं असतं. हा स्नायू डोळा हलवण्याऐवजी उष्णता तयार करतो. अंडी घालायला मात्र त्या पुन्हा उबदार पाण्यात येतात. पृष्ठभागाचं तापमान २३-२४ अंशांच्या वर हवं. एका मादीच्या पोटात दहा लाखांपासून जवळजवळ तीन कोटींपर्यंत अंडी असल्याचे अंदाज आहेत. ती एकदम नाही, खेपाखेपांनी सोडली जातात, आणि मादी जितकी थोर तितकी अंडी जास्त.

मेसिनाच्या सामुद्रधुनीत हा हंगाम जून ते ऑगस्टचा. तिथली तलवार माशाची शिकार फार जुनी; इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं तिचं वर्णन केलं होतं. आजही तिथल्या खास होड्यांना वीस मीटरहून उंच डोलकाठी असते. तिच्या टोकावरून टेहळणी चालते आणि होडीच्या नाळेपुढं, म्हणजे पुढच्या टोकापुढं, काढलेल्या लांबलचक पुलावर भालेकरी उभा असतो. मासे या दिवसांत जोडीनं फिरतात. तिथले कोळी सांगतात, आधी मादीला भाला मारला तर नर तिच्याभोवती घोटाळत राहतो आणि तोही सापडतो. आधी नराला मारलं तर मादी निघून जाते.

पण आज बहुतेक मासे भाल्यानं नाही, मैलोन्‌मैल सोडलेल्या दोरीवरच्या गळांनी मरतात, आणि गळ वय बघत नाही. आपल्या अरबी समुद्रातही तलवार मासा आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया’च्या जहाजांच्या गळांना तो लागतो. आपल्याकडची जून-जुलैची बंदी माशांच्या विणीसाठी. भूमध्य समुद्रात तलवार माशासाठीची बंदी मात्र विणीच्या उन्हाळ्यात नसते, ती शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात असते. कारण उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं काही महिन्यांतच गळ गिळण्याएवढी होतात.

माप घेताना तलवार धरत नाहीत, ती मोडलेली असू शकते. खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत टेप लावतात. २०१७ पासून भूमध्य समुद्रात हे माप निदान १०० सेंटिमीटर भरलं पाहिजे असा नियम आहे. तिथल्या निम्म्या माद्या वयात आलेल्या असतात ते १४२ सेंटिमीटरला. मधले ४२ सेंटिमीटर वाढायला माशाला सुमारे दोन वर्षं लागतात, आणि ती दोन्ही वर्षं त्याला पकडणं कायदेशीर असतं. उत्तर अटलांटिकात १९९९ मध्ये मासेमारीला आवर घालण्याची दहा वर्षांची योजना आखली गेली, आणि २००९ च्या पाहणीत तिथला साठा सावरलेला आढळला. इतक्या झपाट्यानं वाढणाऱ्या माशाला तेवढी वर्षं पुरली. भूमध्य समुद्रातल्या माशाला आधी ते ४२ सेंटिमीटर मिळायला हवेत.